हनोईला निघालीस, तर

व्हिसा ऑनलाइन मिळतो, त्यात जीव अडकवू नकोस. शाळेचं ना-हरकत पत्र मात्र दहावीचे पेपर तपासायला येण्याआधीच पदरात पाडून घे. सुट्टी लागली की सहीला माणूस सापडत नाही.

हनोईत आधी वंशशास्त्र संग्रहालय गाठ; सोमवारी बंद असतं. व्हिएतनाममधल्या 54 मान्यताप्राप्त समाजांची ओळख तिथे होते, पण सगळा वेळ काचपेट्यांपुढे घालवलास तर फुकट. मागच्या आवारात पारंपरिक घरं उभी आहेत. एडे लोकांच्या लांबलचक घराचा जिना नीट बघ: लाकडात पायऱ्या कोरलेल्या आणि वरच्या टोकाला स्तनांची जोडी. या समाजात वंश आईकडून चालतो, घर मुलीकडे जातं. आपल्या नववीच्या वर्गात यावर तासभर चर्चा रंगेल!

सा पा या उत्तरेकडच्या डोंगराळ गावाच्या बाजूला हमोंग समाजाच्या बायका मेणाने कापडावर नक्षी काढतात, ते निळीत बुडवतात, मग गरम पाण्यात मेण काढतात. घासाघीस करण्याआधी शेजारी बसून हे बघ. फोटो विचारूनच काढ. डहाणूच्या पाड्यावर कोणी न विचारता घरात कॅमेरा घातला तर आपण ऐकून घेऊ का?

पाऊस तिकडे मे महिन्यातच सुरू होतो. बूट पकड असलेले घे. आणि शाकाहारी असशील तर माशाच्या सॉसबद्दल आधीच सांग, तो भाजीतही असतो.