रेडिएटर गळतोय, घरीच बदलू का?

प्रश्न: माझ्याकडे 2001 ची जर्मन ऑटोमॅटिक सेडान आहे. रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीला तडा गेलाय, रोज अर्धा लिटर पाणी टाकतो. एम-सील लावून भागेल का, की घरीच बदलू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: एम-सील नको हो. इंजिन तापलं की आत साधारण 1 बारच्या वर प्रेशर असतं, त्यात ते टिकत नाही. मधली जाळी अ‍ॅल्युमिनियमची, टाक्या प्लॅस्टिकच्या, आणि वीसेक वर्षांत प्लॅस्टिक ठिसूळ होतंच, त्यामुळे सरळ नवा टाका, घरी नक्की जमेल.

गाडी पूर्ण थंड होऊ द्या, गरम असताना झाकण अजिबात उघडू नका, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा कारण काही गाड्यांत चावी बंद असली तरी पंखा अचानक फिरतो. जुना कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव) बादलीत धरा, अंगणात सांडू देऊ नका, चवीला गोड असतो आणि कुत्र्या-मांजरांचा जीव जातो, हे मी प्रत्येकाला सांगते.

आता महत्त्वाचं. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सच्या ऑइलचा कूलर बहुतेकदा रेडिएटरच्या आतच असतो. ते ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर त्यात कूलंट गेलाय, मग गाडी चालूच करू नका, टो करून न्या. ऑइल चांगलं असेल तर त्याच्या पाईपची तोंडं झाका, नवे ओ-रिंग (जोडावरच्या रबरी रिंगा) घाला, कूलंटचे होज (रबरी पाईप) कडक झाले असतील तर तेही आत्ताच बदला.

भरताना कंपनीने सांगितलेलाच कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, नळाचं पाणी नको. हीटर फुल ठेवून कूलंटमध्ये अडकलेली हवा काढा, गाडी थंड झाली की लेव्हल परत बघा.