दम्याचा मुलगा असताना नागपुरात शेतांजवळ घर घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की बदली नागपूरला झालीय, मुलगा 8 वर्षांचा, त्याला दमा आहे, बेसा-पिपळ्याकडे फ्लॅट परवडतोय पण तिकडे शेतं जाळतात म्हणे, तर घ्यावा का. मी हुडकेश्वरला 11 वर्षं राहतोय ताई, माझ्या आईला दमाच आहे, म्हणून लिहायला बसलो.

दिल्लीसारखं इथं नाही. तिकडे धानाचं तणस ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकदमच पेटतं, आपल्याकडे तुकड्यातुकड्यानं, कापूस निघाला की डिसेंबर ते फेब्रुवारी पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) आणि पेरणीआधी एप्रिल-मेमध्ये धुरे, म्हणजे शेताच्या बांधावरचं गवत. उन्हाळ्यात हवा तापून वर जाते तर धूरही दुपारपर्यंत निघून जातो. त्रास थंडीत. रात्री जमिनीजवळची हवा गार पडते, वर गरम थर झाकणासारखा बसतो आणि धूर खालीच कोंडतो, त्यात गाड्या, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं, कोपऱ्याकोपऱ्यावर जळणारा कचरा, म्हणजे सगळं शेतकऱ्यावर ढकलू नका.

माझे मामा काटोलकडे कापूस लावतात. पऱ्हाटी उभी ठेवली तर किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी राहते अन् पुढच्या हंगामात पुन्हा पिकावर, त्यामुळे शेत साफ करावंच लागतं. पूर्वी ती पऱ्हाटी चुलीत जायची, आता घरोघरी गॅस आला. श्रेडरनं बारीक केली तर चांगलं खत होतं पण ते मशीन वेळेवर भाड्यानं मिळत नाही, मजूर मिळत नाही, मग काडी लावतात. जीव तुटतो बघून, मामांचाही आणि माझाही.

आता मुलाचं. दोन जानेवाऱ्यांपूर्वी आईला रात्री 2 वाजता दवाखान्यात न्यावं लागलं, संध्याकाळी मागच्या शेतात पऱ्हाटी जळत होती आणि आम्ही खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, ती चूक आमची. तेव्हापासून थंडीत 5 वाजले की खिडक्या बंद, सकाळी 9-10 ला ऊन चढल्यावर उघडायच्या. रुमालानं काही अडत नाही, धुरातले हे कण 2.5 मायक्रॉन किंवा त्याहूनही लहान, केसापेक्षा कितीतरी बारीक, एन-95 मास्कच लागतो आणि तोही लहान मुलाच्या मापाचा. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या समीर अ‍ॅपवर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे त्याचा आकडा दिसतो, 200 च्या वर गेला तर त्याला संध्याकाळी खेळायला पाठवू नका, पण आकडा मशीन जिथं बसवलंय तिथला असतो, तुमच्या गल्लीतला नाही, म्हणून नाकावरही विश्वास ठेवा. थंडी सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांना भेटून इन्हेलरचं ठरवून घ्या.

माझं मत, पहिली दोन वर्षं भाड्यानं राहा, शहराच्या आतल्या बाजूला. तरी बेशाचा फ्लॅट मनात असेल तर बिल्डर दुपारी दाखवेल, तेव्हा नका जाऊ, जानेवारीत संध्याकाळी 7 नंतर जा, गच्चीवर मुलाला न नेता अर्धा तास उभे राहा.