कोब्राच्या भरवशावर पार्ट बी लांबवू नका

निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या अमेरिकेतल्या मराठी वाचकांच्या पत्रांतले हे काही प्रश्न.

वय ६६, राहणार एडिसन. मोठ्या कंपनीत असल्याने मेडिकेअरचा (पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा) पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, घेतलाच नाही. जूनअखेर निवृत्त होतोय. कंपनीचा हाच विमा कोब्राखाली (नोकरी सुटल्यावर स्वतः हप्ता भरून विमा चालू ठेवण्याची कायदेशीर सोय) दीड वर्ष चालू ठेवता येतो म्हणे. मग पार्ट बीची घाई कशाला?

घाई कराच. पासष्टीनंतर पार्ट बी लांबवायची मुभा मिळते ती फक्त नोकरी चालू असताना मिळणाऱ्या विम्यामुळे, तुमच्या किंवा जोडीदाराच्या. (कंपनीत वीसपेक्षा कमी माणसं असतील तर तिथेही पहिला वाटा मेडिकेअरचा, म्हणून थांबूच नये.) कोब्रात कार्ड तेच, डॉक्टर तेच, म्हणून विमाही तोच वाटतो. मेडिकेअरच्या हिशेबी मात्र तुमची नोकरी संपली आणि त्या दिवसापासून आठ महिन्यांची मुदत सुरू झाली. कोब्राचे अठरा महिने संपेपर्यंत ती कधीच उलटून गेलेली असते.

मग जानेवारी ते मार्चमधल्या सर्वसाधारण नोंदणीची वाट बघायची आणि उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्त्यावर दहा टक्के दंड भरायचा, तोही जन्मभर. २०२६ मध्ये पार्ट बीचा हप्ता महिना २०२.९० डॉलर आहे. त्याहून मोठा धोका आजारपणात कळतो. तुम्ही मेडिकेअरला पात्र आहात म्हटल्यावर कोब्राचा विमा स्वतःला दुय्यम ठरवून फक्त उरलेला वाटा देऊ शकतो. पहिला वाटा द्यायला कुणीच नसतं, आणि शस्त्रक्रियेचं बिल घरी येतं.

म्हणून मे महिन्यातच अर्ज करा. सोबत सीएमएस-एल५६४ हा फॉर्म कंपनीकडून भरून जोडा. नोकरीत असताना विमा होता याचा तो पुरावा.

तुमची पत्नी ६१ वर्षांची आहे, असं पत्रात आहे. तिला तुमच्याबरोबर मेडिकेअर मिळणार नाही. कोब्रा तिच्यासाठी मात्र खरंच उपयोगाचा आहे.

निवृत्तीपर्यंत एचएसएत (उपचारांसाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) पैसे टाकत राहिलो तर चालेल?

नाही. पासष्टीनंतर अर्ज केला की पार्ट ए (मेडिकेअरचा रुग्णालयाच्या खर्चाचा भाग) सहा महिने मागच्या तारखेपासून लागू होतो (पासष्टीच्या मागे मात्र जात नाही). त्या महिन्यांत टाकलेली रक्कम जादा ठरते आणि कर बसतो. अर्जाच्या सहा महिने आधी थांबा. साठलेले पैसे उपचारांसाठी खुशाल वापरा.

दर वर्षी सहा महिने पुण्यात राहणार आहोत. मेडिगॅप (मूळ मेडिकेअरला जोड देणारा खाजगी विमा) बरं की ॲडव्हान्टेज (मूळ मेडिकेअरऐवजी घ्यायची खाजगी कंपनीची योजना)?

तुमच्या बाबतीत मी मेडिगॅपच म्हणेन. ॲडव्हान्टेज ठरावीक भागातल्या डॉक्टरांशी बांधलेलं असतं आणि सलग सहा महिन्यांहून जास्त त्या भागाबाहेर राहिलात तर योजनेतून नाव कमी होऊ शकतं. मूळ मेडिकेअरमध्ये पार्ट बीच्या खर्चातले वीस टक्के तुमच्या अंगावर येतात आणि त्याला कमाल मर्यादा नाही, म्हणून मेडिगॅप हवं. पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाल्यापासून पहिल्या सहा महिन्यांत कंपनी तुमचा मधुमेह किंवा बायपास पाहून नाकारू शकत नाही. बहुतेक राज्यांत ही संधी पुन्हा येत नाही. ती दवडू नका.

पुण्यातल्या उपचारांना मेडिकेअर पैसे देत नाही. मेडिगॅपच्या जी आणि एन योजना परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे ८० टक्के देतात, तेही प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांतच, आधीचे २५० डॉलर तुमचे आणि आयुष्यभरात ५०,००० डॉलरची मर्यादा. सहा महिन्यांच्या मुक्कामाला हे पुरत नाही. भारतात वेगळी पॉलिसी घ्या. एप्रिल २०२४ पासून तिथली ६५ वर्षांची वयाची अट गेली आहे, पण जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्यामुळे निवृत्तीच्या आधीच काढलेली बरी. आणि भारतात आहोत म्हणून पार्ट बीचा हप्ता बंद करू नका. परत घेताना दंड लागेल.

आई ७१ वर्षांची, तीन वर्षांपूर्वी ग्रीन कार्डवर आली. तिला मेडिकेअर?

अजून दोन वर्षांनी. ग्रीन कार्डधारकाला सलग पाच वर्षं अमेरिकेत राहिल्यावर ते विकत घेता येतं. इथे काम केलं नसल्याने पार्ट एचा हप्ता भरावा लागेल, २०२६ मध्ये महिना ५६५ डॉलर. तोवर राज्याच्या मार्केटप्लेसवर (खाजगी आरोग्यविमा विकत घेण्याच्या सरकारी बाजारात) तिच्यासाठी विमा घेता येतो. वय पासष्टच्या पुढे असलं तरी, कारण ती मेडिकेअरला अजून पात्र नाही. मधल्या काळात भारतातला मुक्काम लांबवू नका, पाच वर्षांच्या सलगपणाला त्याने बाध येऊ शकतो.