काळा दगड, पण कुठल्या गटातला?

प्रश्न: अंटार्क्टिकात सापडलेल्या उल्कापाषाणाचा प्रकार कसा ठरवतात?

उत्तर: नुसता काळा रंग बघून नाही हो, वरचं जळकं कवच तर बहुतेक उल्कांना असतंच! पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली कॉन्ड्र्यूल, म्हणजे वितळून थिजलेले गोळे, किती आणि केवढे ते बघतात, खनिजांचं केमिकल ॲनालिसिस करतात, गट पक्का करायला ऑक्सिजनचे आयसोटोपही (वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजतात. अंटार्क्टिकातल्या ॲलन हिल्स भागातला एएलएचए ७७३०७ हा उल्कापाषाण घ्या (७७ म्हणजे १९७७-७८ चा सीझन), तो सीओ३ ठरला: सीओ हा कार्बनी कॉन्ड्राइटांचा (असे गोळे असलेल्या उल्कापाषाणांचा) एक गट, त्यात गोळे बारीक असतात, आणि आकडा ३, म्हणजे मूळ घडण फारशी बदललेली नाही. पाण्याने खनिजं बदलली असतील तर २, अगदीच बदलली तर १, आणि उष्णतेने बदलली तर ४ पासून पुढे. मला विचाराल तर खरी मजा ३ वाल्यांतच आहे, त्यांच्यात सूर्यमालेआधीचे कणसुद्धा टिकून राहतात.