सुट्टीचे वेळापत्रक कोणी आखायचे?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत 64 टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली आहे. पुढील वर्षी बारावी आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षा आहे. सुट्टी वाया जाऊ नये म्हणून आम्ही सोबत जोडलेले वेळापत्रक आखले, प्रत्येक धड्याला गुण ठेवले आणि 300 गुण झाल्यास नवा मोबाइल देण्याचे कबूल केले. तरीही ती सकाळी नऊपर्यंत झोपते आणि पुस्तक उघडून नुसती बसून राहते. तिच्यात मोटिव्हेशनच नाही. तिला प्रेरणा मिळेल असे काही लिहावे. (एक पालक)

उत्तर : आपल्या पत्रापेक्षा सोबतच्या वेळापत्रकाने मला अधिक अस्वस्थ केले. पहाटे पाच ते रात्री अकरापर्यंतचे रकाने त्यात भरलेले आहेत, 'मोकळा वेळ' सायंकाळी पावणेसात ते सात एवढाच आहे आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी पालकांच्या सहीसाठी जागा सोडलेली आहे. मुलीचे मत विचारल्याची खूण मात्र त्या कागदावर कोठेही नाही. दोन पानी पत्रात तिच्या तोंडचे एकही वाक्य नाही आणि वैद्यकीय शाखेला तिला स्वतःला जायचे आहे, असेही आपण कोठे म्हटलेले नाही. तेव्हा प्रेरणादायी मजकूर मी पाठवणार नाही. त्याने फार तर एक संध्याकाळ उत्साहात जाईल.

झोपेचे आधी सांगतो. तेरा ते अठरा या वयात रोज आठ ते दहा तास झोप आवश्यक मानली जाते आणि या वयात शरीराचे घड्याळ नैसर्गिकपणेच उशिराकडे सरकते. आपल्या वेळापत्रकात झोपेला सहा तास आहेत. नऊला उठणाऱ्या मुलीला आळशी ठरवण्यापूर्वी ही वजाबाकी करून पाहावी.

गुणांच्या तक्त्यात जीवशास्त्राच्या आकृत्यांपुढे 'हे ती आवडीने करते, म्हणून कमी गुण' अशी टीप आहे. ती वाचून मी थबकलो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. चित्रे रंगवण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना त्यांनी बक्षिसाचे आधी आश्वासन देऊन चित्रे काढायला लावले. एक-दोन आठवड्यांनी, बक्षिसाचा विषय नसताना, तीच मुले चित्रांवर इतर मुलांच्या जवळपास निम्माच वेळ घालवताना दिसली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांच्या बाबतीत असे घडले नाही. प्रत्येक बक्षीस घातक असते असे यावरून म्हणता येणार नाही, परंतु जे काम मूल आपणहून करते त्याला मोबदला लावणे हा निखळ तोट्याचा व्यवहार आहे, आणि आपण नेमका तोच केला आहे.

आता 'मोटिव्हेशनच नाही' या वाक्याकडे येतो, कारण आपल्यासारखे पालकच नव्हे तर विद्यार्थीही येथे फसतात. आधी प्रेरणा यावी आणि मग अभ्यासाला बसावे, असा क्रम सर्वांनी गृहीत धरलेला असतो. प्रत्यक्षात तो बहुधा उलटा चालतो. वीस मिनिटे बसून एखादे अडलेले गणित सुटले की पुढच्या गणिताची इच्छा होते, कारण आपल्याला हे जमते याचा पुरावा हाती आलेला असतो. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतानुसार आतून येणारी प्रेरणा तीन गोष्टींवर पोसली जाते : निवड आपली असणे, काम जमत असल्याचा अनुभव आणि आपल्या माणसांशी जवळीक. आपल्या वेळापत्रकात निवड तिची नाही, अठरा तासांचा आराखडा कोणालाही पेलणारा नसल्यामुळे 'जमले' असे वाटण्याची शक्यता नाही, आणि जवळीक म्हणाल तर ती रोजच्या सहीपुरती उरली आहे. पुस्तक उघडून बसून राहणे हे या स्थितीत मला मुळीच नवलाचे वाटत नाही.

प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी पुढे वर्ष आहे आणि त्याची माहिती सर्वत्र मिळते. सुट्टीत मागचे सारे विसरेल ही भीतीही थोडी आवरावी : विसरलेले पुन्हा शिकताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे स्मरणशक्तीवर प्रयोग करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवले आहे.

वेळापत्रक आणि गुणतक्ता दोन्ही रद्द करावेत. मोबाइल द्यायचा असेल तर गरज पाहून द्यावा, नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. अभ्यासाशी त्याचा संबंध तोडावा. पहिला आठवडा पूर्ण मोकळा जाऊ द्यावा. त्यानंतर कोणता विषय, कोणती वेळ हे तिने ठरवावे, आणि सुरुवात रोज एका तासाने व्हावी. धडा वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठवेल तेवढे कागदावर लिहिणे हे पुन:पुन्हा वाचण्यापेक्षा अधिक टिकते. तेवढी एक युक्ती तिला सांगायला हरकत नाही. तो कागद मात्र तपासायला मागू नये.

मैत्रिणी, छंद, जेवण यांतूनही तिचे मन उडाले असेल आणि ते दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले असेल, तर हा अभ्यासाचा प्रश्न समजू नये व डॉक्टरांना भेटावे. तसे नसेल, तर वैद्यकीय शाखेबद्दल तिला एकदा विचारावे आणि ती 'नाही' म्हणाली तरी त्या दिवशी समजावू नये.