उलटा जोसेफ आणि गॅरेजमधले देव

"ताई, न्यू जर्सीतलं आमचं घर ऑक्टोबरपासून विक्रीला काढलंय. चार महिने झाले. लोक येतात, बघतात, ऑफर येत नाही. एजंटच्या सांगण्यावरून देवघरसुद्धा खोक्यात भरून गॅरेजमध्ये ठेवलं. परवा शेजारच्या कॅथलिक आजींनी सेंट जोसेफची बोटभर मूर्ती आणून दिली. 'फॉर सेल'च्या पाटीजवळ डोकं खाली करून पुर म्हणाल्या, घर लगेच जाईल. नवरा हसतो. सासूबाई फोनवर म्हणाल्या, 'आपले देव गॅरेजात आणि दुसऱ्यांचा अंगणात!' आठवडाभर मूर्ती पर्समध्ये घेऊन फिरतेय. पुरू का?"

अगं, नवऱ्याला म्हणावं, फार हसू नकोस. माझ्या दहावीच्या निकालापर्यंत आमच्या आईने बाळकृष्ण पातेल्यात बुडवून ठेवला होता. रोज पाणी बदलायची आणि थंडी वाजेल म्हणून कोमट घालायची! वेठीला धरायचं, वर काळजीही घ्यायची. काम होईस्तोवर देव पाण्यात घालून बसणाऱ्यांनी जोसेफला डोक्यावर उभं करणाऱ्यांना नावं ठेवू नयेत.

हा जोसेफ म्हणजे येशूला वाढवणारा बाप, धंद्याने सुतार. कुटुंबांचा आणि कष्टकऱ्यांचा पाठीराखा. घराचं गाऱ्हाणं त्याच्याकडे नेणं तसं सयुक्तिकच. पुरण्याची प्रथा कुठून आली याच्या दोन कथा सांगतात. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या संत तेरेसांनी मठांना जागा मिळावी म्हणून जोसेफची पदकं जमिनीत पुरायला लावली, ही एक. दुसरी कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या ब्रदर आंद्रे या कॅथलिक धर्मबंधूंची. तिथल्या माउंट रॉयल टेकडीच्या उतारावरची जमीन त्यांच्या धर्मसंघाला हवी होती, तिथे त्यांनी पदकं टाकली म्हणे. १८९६ मध्ये जमीन मिळाली आणि आज तिथे जोसेफचं भलंथोरलं देऊळच म्हणावं असं चर्च उभं आहे. पण दोन्ही कथांत माणसं जागा मिळावी म्हणून मागताहेत, खपावी म्हणून नव्हे. आणि पुरलंय ते पदक, कुणाला शीर्षासन घातलेलं नाही. ती हौस विसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेत फोफावली. आता तर मूर्ती, प्रार्थनेचं कार्ड आणि सूचनांचा कागद असा आयता संच मिळतो. तोंड घराकडे की रस्त्याकडे, यावरही एकमत नाही. बऱ्याच पाद्र्यांना हा प्रकार मुळीच आवडत नाही. ते म्हणतात, प्रार्थना करा, पण मूर्तीला सरळ उभं राहू द्या.

मला त्यांचं पटतं. आणि खरं सांगू, तुलाही पटत असणार, नाहीतर मूर्ती आठवडाभर पर्समध्ये राहिली नसती.

पण तुला टोचतोय तो जोसेफ नाहीच. टोचतंय ते खोकं. एजंटचं चुकलं नाही. बघायला येणाऱ्याला त्या खोल्यांत स्वतःचा संसार दिसावा म्हणून घरमालकाच्या खुणा आवरायला सगळेच सांगतात. मात्र आवरायचं म्हणजे गॅरेजमध्ये बर्फ उकरायच्या फावड्याशेजारी ठेवायचं, असं कुणी सांगितलं? बेडरूममधल्या कपाटाचा एक कप्पा रिकामा कर, आजच देव तिथे मांड. सकाळ-संध्याकाळ दार उघडून समोर बसून हात जोड, कुणी घर बघायला येणार असलं की दार लाव. (दिवा मात्र कपाटात नको. विकायचं घर जाळून चालायचं नाही.) जोसेफलाही त्याच कप्प्यात उभा कर. आपल्या देव्हाऱ्यात पाहुण्याला कधी जागा कमी पडली आहे का? आणि सासूबाईंना फोटो पाठव.

एवढ्यावरही पुरायचंच असेल, तर फेब्रुवारीत जमीन दगड झालेली असते. कुंडीत पुर. फ्लॅटमध्ये राहणारे तेच करतात. फक्त घर विकलं गेलं की त्याला उकरून बरोबर न्यायचं, नव्या घरात मानाची जागा द्यायची. प्रथेतली ही अट लोक हमखास विसरतात. एकाने कंटाळून मूर्ती कचऱ्यात टाकली, तर चार दिवसांनी पेपरात बातमी, शहराचा कचरा डेपो विकला गेला!

एजंटला मात्र जरा धारेवर धर. चार महिन्यांत किती जण बघून गेले आणि नको म्हणताना काय म्हणाले, हे लेखी माग. बघायलाच कमी आले असतील तर किंमत नाहीतर फोटो चुकलेत. येऊन परत जात असतील तर घरातलं काहीतरी खटकतंय, आणि ते तुम्हा दोघांना रोज बघून दिसेनासं झालंय. ऑक्टोबरात काढलेल्या घराने थंडीत रेंगाळणं तसं नेहमीचंच. वसंतात गिऱ्हाईक वाढतं. जोसेफचा सण १९ मार्चला असतो, तोवर घाबरून किंमत पाडू नकोस.

आणि आजींना एकदा चहाला बोलाव. त्यांनी कधी घर विकताना याचं तोंड कुणीकडे केलं होतं, तेवढं विचारून मला कळव.