किळस मोजणारी इटालियन प्रश्नावली पहिल्यांदाच तपासताय? मग एवढं सांभाळा

विषय उत्तम निवडलात, घाबरू नका. मूळ इंग्रजी मापिका 1994 साली हाइट, मॅकॉली आणि रॉझिन यांनी केली. त्यात 32 विधानं होती. 2007च्या सुधारित रूपात 25 विधानं आणि लक्ष तपासणारी 2 आहेत. ती दोन फालतू वाटली तरी काढू नका. न वाचता खुणा करणारे त्यांनीच पकडले जातात.

सगळ्यात जास्त वेळ भाषांतराला द्या. इटालियनमध्ये किळसेला दोन शब्द आहेत: 'स्कीफो' रोजच्या बोलण्यातला, 'दिसगुस्तो' जरा औपचारिक. विधानागणिक शब्द बदललात, तर किळस मोजताय की शब्दाचं वजन, हेच कळणार नाही. दुसऱ्या कुणाकडून उलट, म्हणजे इटालियनमधून परत इंग्रजीत, भाषांतर करून घ्या. मग दहाएक जणांना विधानं मोठ्याने वाचायला लावून "काय समजलात?" असं विचारा. सार्डिनियात अळ्यांचं चीज आवडीने खाणारे लोक आहेत, तेव्हा खाण्याची विधानं खास तपासा.

सुरुवातीच्या चुका बहुधा याच:

- फक्त मानसशास्त्राच्या विद्यार्थिनी घेणं. स्त्रियांचे गुण सरासरीने जास्त येतात.
- अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) चांगला आला की काम झालं समजणं. अल्फा वैधता, म्हणजे मोजायचं तेच मोजलं जातंय का, ते सांगत नाही. 2007च्या रूपातले तीन घटक (विधानांचे गट) तुमच्या विदेत बसतात का, ते पाहा.
- तुलनेला दुसरं काहीच न ठेवणं. संसर्गाच्या भीतीशी संबंध दिसायला हवा, आणि तो सर्वसाधारण चिंतेपेक्षा ठळक हवा.

काही आठवड्यांनी त्यातल्याच थोड्या लोकांकडून पुन्हा भरून घ्या. गटागटांतली मापन-समानता (प्रश्नावली वेगवेगळ्या गटांत सारखंच मोजते का) वगैरे सध्या बाजूला ठेवा. आधी भाषांतराचा मसुदा पक्का करा.